उजव्या खांद्यावरची कळी

दिवेआगर, १ डिसेंबर २०२५

देवदत्त,

रहाटाचा आवाज तुझ्या कानात अजून आहे का? माझ्या आहे. कुंई... खळ. कुंई... खळ. बैल फेरी घालायचा, मडकी पाटात रिकामी व्हायची, आणि त्या दोन आवाजांच्या मधल्या गप्प जागेत मी शाळेतली एखादी कविता बसवून म्हणायचो. पंचाहत्तर सालच्या मार्गशीर्षातल्या त्या सकाळीही म्हणत होतो. त्या दिवशी मधल्या जागेत एसटीचा हॉर्न आला. बोर्लीच्या रस्त्याला लागलेली गाडी, गाडीत तू, तुझ्या पाठीला वडिलांची खाकी पिशवी, आणि पिशवीत माझी वही.

माझी. एकोणीस वर्षांनी सख्ख्या भावाला लिहिलेल्या पत्रात हा शब्द इतक्या लवकर यायला नको होता. पण आला. खोडत नाही.

दोन वर्षं खपून केलेली वही होती ती. शाळेतला भिंतीवरचा नकाशा मास्तरांच्या परवानगीने उतरवून घेतला होता. दिवेआगरहून निघायचं आणि एका सरकारी गाडीतून दुसऱ्या सरकारी गाडीत बसत, बर्फ दिसेपर्यंत जायचं. एकट्याने. कुठे उतरायचं, कुठल्या धर्मशाळेत राहायचं, कुठल्या नदीवरून जाताना कुठली कविता म्हणायची, सगळं लिहिलेलं. ती वही मी केली आणि अकरा महिने तू फिरलास. परत आलास तेव्हा गाव आपल्या पडवीत मावेना. तू सांगत होतास आणि मी चहा फिरवत होतो. गोदू, आपली धाकटी बहीण, तुझ्या पायाशी बसलेली. "अण्णा, मध्ये मध्ये येऊ नको ना," म्हणाली मला. ती गेली बिचारी, पण ते वाक्य नाही गेलं.

तर आता बातमी. मला पंचाहत्तर पूर्ण झाली. आश्लेषाने, माझ्या नातीने, माझं आधार कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घालून दिलं. म्हणाली, "आजोबा, आता तुम्हाला एसटी फुकट. राज्यात कुठेही." ही पोरगी गेल्या महिन्यात पाठीला बोचकं लावून पार हिमाचलापर्यंत बसनं एकटी जाऊन आली, आणि येताना वाकडी वाट करून भंडाऱ्याला तुझ्याकडे चार दिवस राहिली. मला आल्यावर सांगितलं. जेवताना तुझ्या गोष्टी मलाच ऐकवायला लागली. जालन्याच्या स्टँडवरची म्हातारी, नागपूरचा संत्र्यांचा ट्रक. मी म्हटलं, "त्या गोष्टी मला पाठ आहेत."

ती म्हणाली, "पाठ असणं वेगळं आजोबा, जाणं वेगळं."

ताटात वालाची उसळ होती. सगळी टाकली.

गुरुवारी निघतो आहे. कुठे ते विचारू नकोस. तुझ्या गोष्टी खऱ्या किती ते बघायला निघालो, असं समज. वाडीची काळजी नाही. वीस सालच्या वादळात सगळ्या पोफळी आडव्या झाल्या हे तुला आश्लेषाने सांगितलं असेलच. नवी रोपं लावली त्यांना ठिबकच्या नळ्या आहेत, बटण दाबलं की काम झालं. पन्नास वर्षं "शिंपणं आहे" म्हणून मी कुठे गेलो नाही. तुझ्या लग्नालाही नाही. आता न जायला माझ्याकडे कारण उरलेलं नाही.

अण्णा

&nbsp;

माणगाव, ४ डिसेंबर

देवदत्त,

पहिला टप्पा पार पडला. माणगाव स्टँडच्या बाकावर बसून लिहितो आहे. पाठीला आश्लेषाची निळी पिशवी आहे. तिला छातीवर आणि कमरेवर असे दोन पट्टे, आणि ते सोडवायला दहा मिनिटं लागतात. लघवीची घाई असली की ही दहा मिनिटं फार मोठी होतात. तुझ्या अकरा महिन्यांच्या गोष्टींत लघवी एकदाही आली नव्हती, हे आज लक्षात आलं.

कंडक्टर मुलगी होती. आधार कार्ड बघितलं, माझ्याकडे बघितलं. "पंचाहत्तर? वाटत नाही हो आजोबा." मला बरं वाटलं. मग तिने पुढच्या बाकावरच्या एका वाकलेल्या म्हाताऱ्यालाही हेच सांगितलं. तेव्हा कमी बरं वाटलं.

म्हसळ्याला सुकटीची पाटी घेऊन एक बाई चढली आणि माझ्या शेजारी टेकली. नाव सखुबाई. माझ्या पिशवीकडे तिने बराच वेळ पाहिलं.

"पाठीला प्वार बांधल्यागत काय बांधलंस रं बाबा?"

"प्रवासाला निघालोय."

"एकलाच? घरच्यांनी हाकलला का काय?"

"नाही हो. मीच निघालो. फिरायला."

"ह्या वयात?" मग म्हणाली, "बरा हाय. माझा म्हातारा खाटंवरनं उठत न्हाय, न् मला उठू देत न्हाय." आणि खिडकीकडे तोंड करून खूप वेळ हसली. उतरताना मूठभर सुकट कागदात बांधून माझ्या हातावर ठेवली. "रस्त्यात भूक लागंल तुला."

देवदत्त, तुझ्या गोष्टींतली माणसं अशीच असायची. वाटेत भेटायची, काहीतरी द्यायची आणि उतरून जायची. मी ती माणसं तू रचलेली आहेत असं धरून चाललो होतो. पन्नास वर्षं. आणि म्हसळ्यातच, घरापासून दीड तासावर, मला एक भेटली. मला आनंद व्हायला हवा होता. मला आधी मनात काय आलं सांगू? ही बाई पंचाहत्तर साली माझी व्हायला हवी होती. ही, आणि पुढच्या सगळ्या.

सुकटीच्या वासाने पुण्याच्या गाडीत माझ्या शेजारी कोणी बसणार नाही असं दिसतं. तेवढाच पाय लांब करता येईल.

अण्णा

&nbsp;

जालना, ६ डिसेंबर

देवदत्त,

पुणे, नगर, संभाजीनगर आणि आता जालना. गुडघे सुजले आहेत. बूट सैल करून बसतो. मागच्या चाकावरची जागा दोनदा मिळाली. खड्डा आला की माणूस जागेवरून उठून पुन्हा जागेवरच बसतो आणि मधल्या वेळात त्याच्या मणक्यांची ओळख पटते. लॉजवाले एकट्या म्हाताऱ्याला खोली देताना दहा प्रश्न विचारतात. त्यांना वाटतं, हा इथे मरायला आलाय. संभाजीनगरच्या लॉजवाल्याने तर सकाळी सातला दार वाजवून विचारलं, "बाबा, आहात ना?" मी आतून म्हटलं, "आहे." एवढाच आमचा संबंध, पण मला तो आवडला.

खिडकीतून कापसाची शेतं बघताना चार ओळी झाल्या. आपल्या मास्तरांनी छडीने ताल धरून म्हणायला लावल्या असत्या तशा:

वाट वळते, गाव सरते, मागे हलतो एक हात;
पुढचा थांबा कुणास ठाऊक, डब्यात थोडा उरला भात.

भात यमकासाठी आला आहे. डब्यात चपात्या होत्या.

आता मुद्द्यावर येतो. जालना. तुझी सगळ्यात गाजलेली गोष्ट. स्टँडवर भुकेला बसला होतास, वेळ जाईना म्हणून शाळेतली पावसाची कविता मोठ्याने म्हटलीस, आणि एका म्हातारीने पदरातली भाकरी सोडून तुला दिली. ही गोष्ट सांगून झाली की आपली आई डोळे पुसायची. ती कविता, देवदत्त, म्हणायला मी शिकवली होती तुला. तुला दुसरं कडवं कधीच येत नव्हतं.

म्हणून आज ठरवून त्याच स्टँडवर उभा राहिलो. पिशवी बाकावर ठेवली, घसा साफ केला, आणि दोन्ही कडवी म्हटली. स्वच्छ. चालीवर. हातवारे करून.

एक माणूस मोबाइलवरून मान न उचलता म्हणाला, "काका, कुठल्या पक्षाचे?"

दुसरा म्हणाला, "अहो महापालिकेच्या निवडणुका आल्यात, सोडून द्या." आणि मला म्हणाला, "माइक नाही दिला का बाबा तुम्हाला?"

भाकरी कोणी दिली नाही. मी उपाहारगृहात जाऊन मिसळ खाल्ली.

तर गोष्ट खोटी होती असं लिहून टाकायला हे पत्र काढलं. पण खरं सांगायचं तर तेवढं सिद्ध होत नाही. एवढंच सिद्ध होतं की तू म्हटलीस तेव्हा ऐकलं, मी म्हटलं तेव्हा नाही. हे तर पडवीतही तसंच होतं.

अण्णा

&nbsp;

नागपूर, ८ डिसेंबर

देवदत्त,

आता तुला कळलंच असेल, मी कुठे निघालोय. भंडारा इथून दोन तासांवर. उद्या दुपारी पोचेन.

आज दिवसभर गाडीत मी बोलायची तयारी करत होतो. वाक्यं पाठ करत होतो, बक्षीस समारंभाला करायचो तशी. सुरुवात दोन हजार सहाच्या त्या दिवसापासून करायची हे ठरलं. आईचं वर्षश्राद्ध होतं. पानं वाढली होती. तू विचारलंस, "अण्णा, आता चंद्राला घेऊन येऊ का पुढच्या खेपेला?"

साधा प्रश्न. तुझ्या लग्नाला तेव्हा चोवीस वर्षं झाली होती आणि तुझ्या बायकोने आपलं घर पाहिलेलं नव्हतं. जातीबाहेरची म्हणून आईने आणू दिलं नाही. आई गेली, तेव्हा अडवणारं कोणी उरलं नव्हतं. आणि मी म्हटलं, "या घरात कोणी यायचं ते शिंपणं करणारा ठरवतो."

तू ताटावरून उठलास. दुपारच्या गाडीने गेलास. पान तसंच राहिलं.

मला जातीचं काही नव्हतं रे. हे तुला कधी पटणार नाही, आणि पटावं असंही मी काही केलेलं नाही. मला एवढंच वाटलं की तुझ्याकडे रस्ता होता, गोष्टी होत्या, बायको स्वतः निवडलेली. आता घरही तुलाच? माझ्याकडे घर सोडून काय होतं? ते तरी माझ्या हातात राहू दे, असं वाटलं. वाईट होतं, पण वाटलं.

उद्या हेच तुझ्यासमोर बसून सांगायचं आहे. आणि एक आणखी. ते इथे लिहीत नाही. ते तोंडानेच सांगेन.

अण्णा

&nbsp;

भंडारा स्थानक, ९ डिसेंबर, संध्याकाळी सहा

देवदत्त,

मी तुझ्या घरी येऊन गेलो.

आश्लेषाने दिलेल्या पत्त्यावर रिक्षावाल्याने बरोबर सोडलं. निळं फाटक, पुढे ओटा. ओट्यावर तू माझ्याकडे पाठ करून बसला होतास. पाठ ओळखली. वडिलांची पाठ आहे ती. तुझ्यासमोर शेजारची सात-आठ माणसं होती, कोणी खुर्चीवर, कोणी खाली. तू काहीतरी सांगत होतास. शब्द फाटकापर्यंत येत नव्हते. पण हात दिसत होते, आणि ती तोंडं दिसत होती. सगळ्यांची तोंडं उघडी. एक बाई तर भाजी निवडायची थांबली होती.

पाच दिवस, नऊ गाड्या, सुजलेले गुडघे. आणि फाटकाशी उभं राहून पंचाहत्तर वर्षांच्या माणसाच्या मनात काय आलं? हा अजून माझा प्रवास विकतो आहे.

तेवढ्यात घराच्या बाजूने एक बाई बादली घेऊन आली. पांढरे केस, ठसठशीत कुंकू. मला म्हणाली, "कोण पाह्यजे जी?"

मी म्हटलं, "नाही... पत्ता चुकलो."

"कोणाचा पत्ता?"

मला एक नावही सुचलं नाही, देवदत्त. बडोद्यापासून बनारसपर्यंतची गावं पाठ असलेल्या माणसाला. "चुकलोच," म्हटलं आणि वळलो. ती फाटकाशी उभी राहून बघत होती, मी कोपऱ्यावर जाईपर्यंत. तीच चंद्राबाई असणार.

नागपूरची गाडी लागली आहे. जातो.

अण्णा

&nbsp;

पुणे, १२ डिसेंबर

देवदत्त,

तोंडाने सांगायचं होतं ते आता लिहावंच लागणार. घरी पोचलो की वाडी, पडवी, सवय, सगळी मला पुन्हा मीच करून टाकतील. म्हणून लॉजच्या या डुगडुगत्या टेबलावरच लिहितो.

कौल आठवतो ना? वडील म्हणाले होते, दोघांपैकी एकालाच सोडेन, वाडी शिंपायला एक हवा. वही माझी होती, पण तूही हट्टाला पेटला होतास. मग आपल्याकडे करतात तसं देवीला विचारायचं ठरलं. तगरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवून मूर्तीच्या दोन खांद्यांना चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर मी जायचं, डावी पडली तर तू. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. डावी पडली.

उजवी त्या दिवशी पडलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पूजेपर्यंत चिकटून होती. गुरव वडिलांना म्हणाला, "याला सोडवत नाही हो देवीला." गावात किती वर्षं सांगत होते ते, आणि मी मान खाली घालून ऐकायचो.

कळ्या गुरवाच्या हातात मी एकेक करून दिल्या होत्या, उजव्या खांद्याची आधी. उजव्या कळीच्या देठाला फणसाच्या पानाचा चीक लावला होता. मी. देवळात यायच्या आधी, विहिरीमागे.

मला जायचं नव्हतं, देवदत्त. दोन वर्षं नकाशा केला, आणि खरंच सोडतील असं दिसल्यावर घाबरलो. परक्या गावात झोपायचं कसं? आजारी पडलो तर पाणी कोण देईल? जिथे मला कोणी अण्णा म्हणून ओळखत नाही तिथे मी कोण? कविता म्हणणं आणि कवितेतल्या वाटेवर पाय ठेवणं यात अंतर आहे हे मला त्या आठवड्यात कळलं. आणि भित्रा म्हणवून घ्यायचं नव्हतं. मग देवीच्या माथी मारलं.

कोणी काही नेलं नव्हतं माझं. मीच दिलं. दिलं, आणि पन्नास वर्षं तुला चोर म्हणून वागवलं. मनात तर रोजच, आणि एकदा भरल्या पानावर.

सगळ्यात वाईट काय माहीत आहे? या आठ दिवसांत मला कळलं, की जमतं. गुडघे दुखतात, पोट बिघडतं, लोक हसतात, आणि जमतं. मी पंचविसाव्या वर्षी सहज गेलो असतो. पूर्वी तुझा हेवा वाटायचा. आता त्या पंचविशीच्या अण्णाचा वाटतो, ज्याच्याकडे अजून जायचं शिल्लक होतं. आणि त्याचाच सगळ्यात राग येतो.

तू ये. तिला घेऊन ये. माझी परवानगी म्हणून नाही. ती देणारा मी कोणी नव्हतोच. वाडी आता नळीने शिंपली जाते.

नाही आलास तरी समजेन. पत्र पोचल्याचं मात्र कळव.

अण्णा

&nbsp;

दिवेआगर, २४ डिसेंबर

देवदत्त,

बारा दिवस झाले. पोस्टमन दादू आता मला लांबूनच हात हलवून "नाही" म्हणतो, म्हणजे मी पडवीतून उठायला नको. आश्लेषा म्हणते, फोन करा. फोनवर तू गप्प राहिलास तर मला काय कळणार? कागद गप्प असला तर निदान तो वाटेत असेल असं म्हणता येतं.

मध्ये एक दिवस तुझा फार राग आला. म्हटलं, एवढं लिहिलं, याला दोन ओळी होत नाहीत? मग वाटलं, एकोणीस वर्षं त्यानेही वाट पाहिली असेल. मी बारा दिवसांत

थांब. कोणीतरी आलं आहे.

&nbsp;

तासाभराने पुढे लिहितो आहे.

फाटकाची कडी वाजली. आश्लेषा बोर्लीला गेली होती, घरात मी एकटा. दारात एक बाई उभी. पाठीला कापडी पिशवी, दोन्ही खांद्यांतून बंद घातलेले, पायांत धुळीने पांढऱ्या झालेल्या चपला. कुंकू बघितलं आणि माझ्या हातातलं पेन खाली पडलं.

"पत्ता बरोबर आहे ना जी?" ती म्हणाली. "का मी बी चुकली?"

मी दारातच उभा. म्हटलं, "एकट्या आलात?"

"एकटीच आली. तीन दिवस झाले. नागपूरच्या पुढं कधी एसटीत बसली नव्हती मी. कंबर गेली बाप्पा." मग म्हणाली, "भाऊजी, पाणी द्याल का आत घ्याल?"

आत घेतलं. दोन्ही केलं. तांब्या देताना सांडला.

पाणी पिऊन ती म्हणाली, "त्या दिवशी ओळखलं होतं मी तुमाले. चाल तीच आहे ना दोघांची, डावा पाय जरासा बाहेर. पर माणूस म्हणते पत्ता चुकलो, तर म्हटलं, चुकू द्या."

मी विचारलं, "देवदत्त?"

"त्यांच्या डोळ्यांत पाणी उतरलं आहे, दोन वर्षं झाले. वाचता येत नाही. तुमचे पत्र मीच वाचून दाखवते." देवदत्त, हे आश्लेषाने मला सांगितलं नव्हतं. मी कागदावर तुला किती टोचलं, आणि ते सगळं तुझ्या बायकोच्या तोंडून तुझ्या कानांत गेलं. मला जमिनीत जावंसं वाटलं. ती बघत होती. म्हणाली, "जालन्याच्या पत्रावर लय हसले. म्हणे, दुसरं कडवं मले खरंच येत नाही."

"आणि कौलाचं?"

तिने पदराने मान पुसली. "ते ऐकून उठून गेले. संध्याकाळी सांगतलं मले. म्हणे, अण्णाच्या बोटाले चीक दिसला होता. फणसाचा चीक पाण्यानं जात नाही. पर मी बोललो असतो तर मले कोणी जाऊ दिलं असतं? म्हणून गप बसलो."

म्हणजे तुला माहीत होतं. पन्नास वर्षं. गुरव सांगायचा, मी मान खाली घालायचो, तू चहाचा कप हातात घेऊन ऐकायचास, आणि तुला माहीत होतं. यावर मला काय वाटतं ते मला अजून कळलेलं नाही. तू आलास की बघू.

"तो आला का नाही मग?" मी विचारलं.

"येते म्हणत होते. मीच म्हटलं, मी आधी जाते. तुम्ही संगं असले तर मले काही खरं दिसणार नाही." आणि ती हसली. "तुमाले वाटते ना, हे ओट्यावर बसून प्रवासाच्या गोष्टी सांगतात? त्या कधीच्या संपल्या, भाऊजी. त्या दिवशी तुम्ही फाटकाशी होते तेव्हा बी वाडीचीच गोष्ट चालली होती. चाळीसच्या वर वर्षं झाले, रोज वाडी. वाडीतलं पाणी, वाडीतली सावली, आईच्या हातचं, अण्णाच्या कविता. मी म्हटलं, ज्या घरासाठी हा माणूस एवढा जळते, ते घर एकदा माझ्या डोळ्यानं पाहीन. खरं किती, खोटं किती, ते तरी कळंल."

आणि मग ती उठली, पाय धुतलेले तसेच ओले, मागच्या दाराने सरळ वाडीत. मी काठी शोधत मागे. नव्या पोफळी तिच्या खांद्याएवढ्याच आहेत. ती मध्ये उभी राहिली. विहीर बघितली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. चेहरा जरा पडला.

"तो चाफा कुठी आहे?"

"कोणता?"

"विहिरीजवळचा. त्याच्यावर चढलं का समुद्रातला जंजिरा दिसते म्हणतात ना हे. लहानपणी दोघं भाऊ चढायचे. तुम्ही वरच्या फांदीवर, हे खालच्या. तुम्ही वरून सांगायचे काय दिसते ते, आणि हे ऐकायचे."

देवदत्त, आपल्या विहिरीजवळ चाफा कधीही नव्हता. तिथे निरफणस होता आणि त्यावर मुंगळे होते. आणि इथून जंजिरा? मध्ये डोंगर आहेत, खाडी आहे, काय आहे आणि काय नाही. नकाशा मी केलाय, मला माहीत आहे.

आणि वरच्या फांदीवर तू मला बसवलंस.

"होता," मी म्हटलं. "इथेच होता. वादळात पडला."

तिने त्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ पाहिलं. "आणि किल्ला खरंच दिसायचा?"

"दिसायचा. हवा स्वच्छ असली की तोफासुद्धा."

ती आता पडवीत बसली आहे. दोन्ही हातांत चहाची कपबशी आहे आणि खाटेवर पाय वर घेतले आहेत. आश्लेषा यायची आहे. तू लगेच नीघ, देवदत्त, हे पत्र जो शेजारी तुला वाचून दाखवेल तोच गाडीत बसवूनही देईल. उद्या सकाळी ती मला समुद्रावर घेऊन जाणार आहे, आणि तिथलं तू तिला काय काय सांगून ठेवलं आहेस ते मला ठाऊक नाही.

अण्णा